सहा वर्षांखालच्या मुलाची जबाबदारी कोणाच्या नावावर आहे?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या कामगारांनी भांडून, मोर्चे काढून, वर्षानुवर्षं पाठपुरावा करून कुंभारीच्या माळावर घरं उभी करून घेतली. आधी गोदूताई परुळेकरांच्या नावाची, विडी कामगार बायकांसाठीची दहा हजार घरांची वसाहत झाली. २००६ साली तिचं लोकार्पण पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी केलं. मग रे नगर आलं. तीस हजार घरांची ही योजना, आणि त्यातली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कामगारांच्या ताब्यात आली. सरकारं दोन वेगळ्या पक्षांची होती, पण विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या डोक्यावर छप्पर असणं ही एकट्या त्याची काळजी नाही, सरकारचीही आहे, हे दोघांनी मान्य केलं. कामगार नेते आडम मास्तर आणि त्यांच्या संघटनेने हे मान्य करायला लावलं, याबद्दल या शहराने त्यांचं ऋणी असलं पाहिजे.

त्याच घरांत वाढणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाबद्दल मात्र असं काहीच मान्य झालेलं नाही. त्याला दिवसभर कोण सांभाळतं, त्याच्याशी कोण बोलतं, त्याच्या हातात खेळायला काय असतं, याची जबाबदारी आपल्या राज्यव्यवस्थेत नेमकी कोणाची हे विचारत गेलं तर प्रत्येक दारावर पुढचं दार दाखवलं जातं. शिक्षण खातं सांगतं, आमचं काम पहिलीपासून. महिला व बालविकास विभाग म्हणतो, अंगणवाडी दिली आहे. महापालिका म्हणते, अंगणवाड्या आमच्याकडे नाहीत. कामगार विभागाच्या लेखी कामगार म्हणजे मोठं माणूस. मूल या चौघांच्या मधल्या जागेत वाढतं. माझं म्हणणं एवढंच आहे की ही मधली जागा आता कायद्याने बंद झाली पाहिजे. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलाचं संगोपन आणि शिक्षण हा त्याचा हक्क व्हावा, तो न मिळाल्यास कोणाला जाब विचारायचा हे नावानिशी ठरावं, आणि सोलापूरसारख्या कष्टकऱ्यांच्या शहरात त्याची सुरुवात दिवसभर चालणाऱ्या अंगणवाडीने व्हावी.

आधी कायद्याचं पाहू, कारण मूळ चूक तिथे आहे. १९५० साली राज्यघटना अमलात आली तेव्हा कलम ४५ ने राज्याला सांगितलं होतं की दहा वर्षांच्या आत, वयाची चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा. त्यात खालच्या वयाची मर्यादा नव्हती. दोन वर्षांचं मूलही त्यात येत होतं. पुढे १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाला मूलभूत हक्काचं स्थान दिलं. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि कलम २१-अ आलं. तिचं कौतुक आजही होतं आणि ते योग्यच आहे. पण त्या कलमाने हक्क दिला तो सहा ते चौदा वयाच्या मुलांना. सहाच्या आतल्यांना वेगळं काढून नव्या कलम ४५ मध्ये ठेवलं, म्हणजे पुन्हा मार्गदर्शक तत्त्वांत, जिथे न्यायालयात दाद मागता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तीच वाट धरली. त्याचं कलम ११ शासनाला पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था करण्याची मुभा देतं, बंधन घालत नाही.

विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मध्ये, न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा अध्यक्ष असताना, २५९ वा अहवाल याच विषयावर दिला. सहा वर्षांखालच्या मुलाच्या संगोपनाचा हक्क घटनेत नव्या कलमाने आणावा आणि शिक्षण हक्क कायद्यातलं कलम ११ बंधनकारक करावं, अशी त्यात स्पष्ट शिफारस आहे. तेव्हापासून घटनेतही बदल झाला नाही आणि कायद्यातही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा शिक्षणाच्या आराखड्यात आणला, २०३० पर्यंत सर्व मुलांना दर्जेदार पूर्वप्राथमिक शिक्षण देण्याचं उद्दिष्ट लिहिलं, मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते हेही नमूद केलं. आणि अंमलबजावणी चार मंत्रालयांकडे मिळून सोपवली. चौघांचं मिळून जे काम असतं त्याचा जाब शेवटी कोणी देत नाही, हा सरकारी कामकाजाचा सगळ्यांना ठाऊक असलेला अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र हक्क झाली, ती म्हणजे आहार. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार मिळणं हा कायदेशीर अधिकार केला. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने देशभर चौदा लाख अंगणवाड्या उघडायला लावल्या होत्या. अंगणवाडी आज जी काही टिकून आहे ती या दोन गोष्टींमुळे. जिथे कायद्याचं बंधन आहे तिथे काम होतं, जिथे नाही तिथे ते मागे पडतं. म्हणूनच अंगणवाडीत आहाराची नोंद रोज होते, वजन होतं, लसीकरणाच्या तारखा पाळल्या जातात, आणि शिकवणं वेळ उरला तर होतं. लोकांच्या तोंडी अंगणवाडी म्हणजे ‘खिचडीची शाळा’ असते ती यामुळेच. त्या आहारासाठीसुद्धा २०१७ च्या दरपत्रकात एका मुलामागे दिवसाला आठ रुपये धरले आहेत. बाजारात एका अंड्याला सहा-सात रुपये पडतात.

मी पूर्व भागातल्या एका शाळेत बरीच वर्षं पहिलीचा वर्ग घेतला आहे. जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच कळायचं की कोणतं मूल आधी कुठे तरी रमलेलं आहे आणि कोणतं थेट घरातून उठून आलेलं आहे. प्रश्न अक्षरं येण्याचा नव्हता. गोलात बसता येणं, दुसऱ्याची पाळी येईपर्यंत थांबता येणं, लघवीला जायचं आहे हे न घाबरता सांगता येणं, गोष्ट शेवटपर्यंत ऐकता येणं, हे ज्याला जमायचं त्याचं पुढचं वर्ष सुरळीत जायचं. ज्याला जमायचं नाही ते मूल मंद नसायचं. त्याच्याशी तोपर्यंत कोणी निवांत बोललेलंच नसायचं. आणि यात त्याच्या आईचा दोष शोधणाऱ्यांनी तिचा दिवस कसा जातो ते एकदा बघावं.

विडी कामगार बाई पान, तंबाखू आणि दोरा कारखान्याच्या शाखेतून घरी आणते. पान भिजवायचं, कापायचं, मग मांडीवर सूप घेऊन वळायला बसायचं. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, आणि हजार विड्या वळायला पहाटेपासून संध्याकाळपर्यंतचा वेळ लागतो. स्वयंपाक, पाणी, धुणं त्याच्या मधूनच. तयार माल शाखेत नेला की तपासणी होते, नापसंत विड्या बाजूला काढल्या जातात, त्यांची मजुरी मिळत नाही. हे सगळं एका खोलीत चालतं आणि मूल त्याच खोलीत तंबाखूच्या भुकटीत रांगतं. कायदा इथेही बाहेरच थांबला. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण ती औद्योगिक आवारात काम करणाऱ्या बायकांसाठी. सोलापुरातल्या विड्या घराघरांत वळल्या जातात, म्हणून त्या घरांना पाळणाघर मिळालं नाही. आता नव्या श्रमसंहितांत पाळणाघराची अट पन्नास कामगारांच्या आस्थापनेला आहे. दहा-बारा माग असलेला यंत्रमागाचा शेड, चार शिलाई यंत्रांवर गणवेश शिवणारी खोली, आणि घरी विड्या वळणारी बाई, यांपैकी कोणीही त्या अटीत बसत नाही. सोलापूरचा कामगार बहुतांशी याच तीन ठिकाणी आहे.

मग धाकट्याला सांभाळतं कोण? थोरली बहीण. नऊ-दहा वर्षांची. तिचं नाव शाळेच्या पटावर असतं, ती आठवड्यातून दोन-तीन दिवस येते, उरलेले दिवस धाकटा तिच्या कडेवर असतो. सहा ते चौदाच्या मुलीला घटनेने दिलेला हक्क अशा रीतीने सहाच्या आतल्या भावासाठी वापरून टाकला जातो. गळतीची कारणं शोधणाऱ्या समित्या या मुलींपर्यंत पोचतात की नाही माहीत नाही, पण आमच्या हजेरीपटावर ते कारण दर आठवड्याला दिसायचं.

ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम सुरू केलं तेव्हा त्यांनी हेच पाहिलं होतं. मोठी मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती लहानग्यांना सांभाळत असतात. त्यावर त्यांनी काढलेला मार्ग म्हणजे विकासवाडी: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी. धाकट्याला घेऊनच ये, असं थोरलीला सांगता आलं. अंगणातली बालवाडी, म्हणजे अंगणवाडी, ही कल्पनाही तिथलीच. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा अंगणवाडी सरकारने घेतली, पण पाळणाघर मागे राहिलं. पन्नास वर्षं उलटली तरी ते मागेच आहे. राष्ट्रीय पाळणाघर योजनेतला केंद्राचा वाटा २०१७ साली ६० टक्क्यांवर आला आणि त्यानंतर देशभरात हजारो पाळणाघरं बंद पडली. आता ‘पाळणा’ योजनेत देशभरात १७ हजार अंगणवाडी-पाळणाघरांचं उद्दिष्ट आहे. अंगणवाड्या जवळपास चौदा लाख आहेत. शंभर अंगणवाड्यांमागे एखादं पाळणाघर, हे उद्दिष्ट पूर्ण झालं तरी!

सोलापुरात याचा अर्थ काय होतो ते रे नगरच्या हिशेबातून कळेल. शासनाच्या निकषानुसार ४०० ते ८०० लोकसंख्येला एक अंगणवाडी लागते. तीस हजार घरं भरली, घरटी चार माणसं धरली, तर लोकवस्ती एक लाख वीस हजार होते. निकषाची वरची मर्यादा घेतली तरी दीडशे अंगणवाड्या लागतात. घरांचा आराखडा मंजूर होताना रस्ता, पाणी, वीज मोजली जाते. त्याच कागदावर या दीडशे खोल्या मोजल्या गेल्या पाहिजेत. नाहीतर पुढे त्या कुठे तरी समाजमंदिराच्या कोपऱ्यात किंवा भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत जातात. शहरात आज कितीतरी ठिकाणी तेच आहे. आणि खोली मिळाली तरी ती चार-पाच तासांनी बंद होते. आईचा दिवस मात्र दहा-बारा तासांचा आहे. मूल दुपारी कुलूप लागल्यावर पुन्हा त्याच सुपाशेजारी येऊन बसतं.

भाषेबद्दल थोडं. एप्रिल ते जून २०२५ या काळात पहिलीपासून हिंदीच्या प्रश्नावर महाराष्ट्र पेटला होता. १६ एप्रिलचा शासन निर्णय सरकारला अखेर २९ जूनला मागे घ्यावा लागला. मुलांवर लहान वयात भाषा लादू नये हा त्या विरोधामागचा विचार मला पूर्ण मान्य आहे. तोच विचार आपण साखर पेठेतल्या, दाजी पेठेतल्या किंवा नई जिंदगीतल्या तीन वर्षांच्या मुलालाही लावावा. त्याच्या घरात तेलुगू बोलतात किंवा उर्दू. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या सीमेवरच्या गावांत कन्नड. सोलापुरात या सगळ्या माध्यमांच्या शाळा जुन्या आहेत, ही या शहराची श्रीमंती आहे. पण पहिलीत माध्यम निवडता येतं, अंगणवाडीत येत नाही. तिथे कोणती भाषा ऐकू येईल हे सेविका कोण आहे यावर ठरतं. बाई तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजातली असली की मूल पहिल्या दिवशी रडत नाही, इतका साधा फरक आहे. वस्तीची भाषा बोलणारी सेविका नेमणं, आणि हळूहळू मराठी कानावर पडत जाणं, याला जास्तीचा पैसा लागत नाही. नेमणूक करताना फक्त तेवढा विचार करावा लागतो.

सेविकेकडून आपण काय काय अपेक्षा करतो? तिने आहार द्यावा, वजन-उंची घ्यावी, गरोदर मातांच्या घरी जावं, पोषण ट्रॅकर या मोबाइल अ‍ॅपमध्ये माहिती भरावी, सर्वेक्षणं करावीत, मतदार याद्यांचं काम आलं तर तेही, आणि त्यातून तीस मुलांना गाणी, गोष्टी, खेळ, रंग, आकार शिकवावेत. यासाठी तिला पगार मिळत नाही, मानधन मिळतं, ज्यातला केंद्राने ठरवून दिलेला भाग २०१८ पासून महिना ४,५०० रुपयांवर अडकलेला आहे. २५ एप्रिल २०२२ रोजी मणिबेन भारिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निर्णय दिला. म्हणजे या बायका नोकरी करतात, समाजसेवा नव्हे, हे न्यायालयाला दिसलं. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका संपावर गेल्या आणि पन्नास दिवसांच्या वर अंगणवाड्या बंद राहिल्या. लाखाहून अधिक केंद्रं! प्राथमिक शाळा पन्नास दिवस बंद राहिल्या असत्या तर विधिमंडळ चाललं नसतं. त्या पन्नास दिवसांत मुलांचं काय नुकसान झालं याची चर्चा मी कुठेही वाचली नाही. मला त्या संपातली सर्वांत दुःखद गोष्ट तीच वाटली.

उपाय शोधायला परदेशात जायला नको. तमिळनाडूत अंगणवाड्यांत एक अर्धवेळ जास्तीची कार्यकर्ती केवळ शिकवण्यासाठी नेमून पाहिलं गेलं. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचं भाषेचं आणि गणिताचं आकलन वाढलं, आणि जुन्या सेविकेला आहार-आरोग्याकडे नीट पाहता आल्याने खुंटलेल्या वाढीचं प्रमाणही कमी झालं. एका हाताची भर पडली आणि दोन्ही कामं सुधारली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. आपल्याला ही भर नाकारणं परवडणारं नाही. रंगवलेल्या बोलक्या भिंती आणि खेळण्यांची पेटी मलाही आवडते, पण ती पेटी उघडून मुलांसमोर बसायला माणूस लागतं. ते माणूस देणगीतून येत नाही, दर महिन्याच्या पगारातून येतं, आणि तो पगार सरकारनेच द्यायचा असतो.

यावर एक उत्तर नेहमी येतं: पालकांना अंगणवाडी नकोच आहे, त्यांना इंग्रजी केजी हवं आहे. हे खरं आहे. विडी कामगारही पोटाला चिमटा काढून मुलाला नर्सरीत घालतात. पण त्याचं कारण त्यांना विचारलं तर इंग्रजी दुसऱ्या क्रमांकावर येतं. पहिल्या क्रमांकावर असतं ते हे की तिथे मूल बसवून ठेवतात, गणवेश असतो, टीचर रोज येतात, रिक्षा सोडते आणि आणते. म्हणजे पालक विकत घेतात ती खात्री आणि वेळ. त्या खोल्यांत तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन पानं भरून घेतली जातात, पाठांतर करून घेतलं जातं, घरचा अभ्यास दिला जातो. बालशिक्षण म्हणून हे चुकीचं आहे आणि त्यावर देखरेख असलीच पाहिजे. पण सरकारने आपल्या अंगणवाडीत खात्री आणि वेळ दिला नाही तोवर पालकांना उपदेश करण्याचा अधिकार कोणाला नाही.

दुसरं उत्तर जास्त जुनं आहे. लहान मूल आईजवळच शोभतं, सरकारने घरात का शिरावं? आजी-आजोबा असलेल्या, आई घरी असलेल्या घरासाठी हा प्रश्न रास्त आहे. कोणी तिच्या कडेवरचं मूल ओढून घेत नाही. हक्क म्हणजे ज्याला हवं त्याला नाकारलं जाऊ नये, एवढाच अर्थ. आणि ज्या घरात आजीही विड्या वळते तिथे ‘आईजवळ’ म्हणजे नेमकं कुठे, हे सांगणाऱ्याने सांगावं.

शहर सोडून जिल्ह्याकडे गेलं की प्रश्न आणखी बिकट होतो. तीसहून अधिक साखर कारखाने असलेला हा जिल्हा. दिवाळीच्या आसपास बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात आणि माढा, माळशिरस, पंढरपूरच्या शिवारात कोप्या, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे दोघंही फडात जातात, मूल पाचटावर झोपवलेलं असतं, किंवा पाच वर्षांची बहीण दोन वर्षांच्या भावाला घेऊन कोपीत असते. मोठ्या मुलांसाठी साखरशाळा आल्या, गावाकडे वसतिगृहं झाली. सहाच्या आतलं मूल वसतिगृहात राहू शकत नाही. ते फडातच येणार. त्याचं नाव असतं गावाकडच्या अंगणवाडीत आणि ते स्वतः असतं दोनशे किलोमीटर लांब. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचा निर्णय झालेला आहे आणि तेवढीच रक्कम शासनाने घालायची आहे. जिल्ह्यात एक कोटी टन गाळप झालं तर हे दोन्ही मिळून वीस कोटी होतात. हंगामाचे पाच महिने प्रत्येक कारखान्याच्या परिसरात कोप्यांजवळ पाळणाघरं चालवायला, दोन बायका आणि दोन वेळचं जेवण द्यायला, यातला थोडा भाग पुरेसा आहे. याच टोळ्यांतल्या, वयाने थकलेल्या पण कोयता हातात धरावाच लागणाऱ्या बायकांना हे काम देता येईल.

पैसा नाही हे कारण म्हणूनच मला पटत नाही. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतला तीन टक्के वाटा महिला व बालविकासासाठी राखून ठेवण्याचा राज्याचा निर्णय आहे. इमारतीचा खर्च त्यातून निघतो. पगाराचा आणि आहाराचा खर्च केंद्र आणि राज्य यांनी वाटून घ्यायचा आहे, आणि तो वाढवायला दोघांनाही कायद्याने भाग पाडल्याशिवाय तो वाढणार नाही. यासाठी शिक्षण हक्क कायद्यातलं कलम ११ बदलावं, ही मागणी सोलापूरच्या खासदारांनी लोकसभेत मांडावी. राज्य सरकारला मात्र दिल्लीची वाट पाहण्याचं कारण नाही. विडी घरकुल, गोदूताई वसाहत, रे नगर, नीलम नगर, अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या वस्त्या इथे येत्या जूनपासून अंगणवाड्या सकाळी आठ ते संध्याकाळी सहा चालवाव्यात, प्रत्येकीत दुसरी सेविका नेमावी, दीड-दोन वर्षांच्या मुलांसाठी एक वेगळी खोली द्यावी. आणि त्या खोलीच्या दारावर, अंगणवाडी बंद राहिली तर कोणाकडे तक्रार करायची त्या अधिकाऱ्याचं पद आणि दूरध्वनी क्रमांक मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत लिहावा.